वल्ह्याला लावलेला कान

ध्रुवाकडून परत आल्यापासून भेटेल तो माणूस एकच प्रश्न विचारतो, "अस्वल दिसलं का?" दिसलं. लांबून, दुर्बिणीतून, मळकट पिवळं आणि झोपलेलं. हे एकदा सांगून टाकलं म्हणजे पुढचं मोकळेपणानं लिहिता येईल. शाळेतल्या बायकांना मी फोटो दाखवले, शेजारी चॉकलेटं वाटली, जे जे पाहिलं ते ज्याला त्याला सांगितलं. ऐकलेलं मात्र अजून कुणालाही तोंडानं सांगितलेलं नाही. आमच्या घरात तसा एक नियम आहे, तो पुढे येईलच. लिहिण्याला त्या नियमाची आडकाठी नाही, कारण ज्यांनी तो घालून दिला त्यांना लिहिता येत नव्हतं.

अर्नाळा किल्ला, जून

मी नालासोपाऱ्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवते आणि विरारला राहते. आमचं मूळ घर अर्नाळ्याचं, पण किनाऱ्यावरच्या अर्नाळ्याचं नव्हे, समोरच्या बेटावरचं. बेटावर किल्ला आहे, म्हणून आम्ही अख्ख्या बेटालाच किल्ला म्हणतो. तिथे आता माझी आत्या एकटी राहते. वय सत्तरीच्या पुढे, पाठ ताठ, जिभेला धार. तिचा मुलगा दिनेश वालीवला एका वर्कशॉपमध्ये नोकरी करतो. त्यानं विरारजवळ बोळिंजला फ्लॅट घेतला तेव्हा आईसाठी एक खोली राखून ठेवली. आई काही आली नाही. त्या खोलीत सध्या इस्त्रीचे कपडे राहतात.

गेली अकरा वर्षं दर मे महिन्यात मी आत्याच्या मागच्या दारात बसून दारासमोरचा किनारा कोळशानं काढते. जागा तीच, कागदाचं माप तेच. पहिल्या चित्रात सात नारळ आहेत, बोंबील वाळवायचे बांबू आहेत, एक पालथी घातलेली होडी आहे आणि मग समुद्र. शेवटच्या चित्रात दाराची चौकट आहे आणि समुद्र. सगळी चित्रं ओळीनं लावली की कागद पांढरे पांढरे होत जातात. दरवर्षी कोळसा कमी लागतो.

ही चित्रं मी परदेशातल्या एका संस्थेला पाठवली होती. ते लोक चित्रकार, लेखक, गाणारे-वाजवणारे अशांना गोळा करून शिडाच्या जहाजातून उत्तरेच्या बर्फात नेतात आणि सांगतात, हे वितळतंय, यावर आता तुम्ही काहीतरी करा. मला बोलावतील असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. पत्र आलं ते आधी नवऱ्याला दाखवलं, मग मुख्याध्यापिकाबाईंना. दोघांनीही एकच विचारलं, "थंडीत कसं होईल तुझं?"

निघायच्या आधी आत्याचा निरोप घ्यायला गेले. ती पलंगावर पाय वर घेऊन सुकट निवडत बसली होती. पलंगाच्या चारही पायांखाली विटांचे दोन-दोन थर दिसले. मुंग्यांसाठी असतील, असं वाटून मी काही विचारलं नाही. तिला सगळं समजावून सांगितलं, नकाशा दाखवला. ती म्हणाली, "म्हंजे पानी सुटतं ते तिथनं?"

"तिथूनही सुटतं."

"मग तिथं जाऊन नुसती बघत बसू नको. ऐकून ये."

असं म्हणून ती उठली आणि माळ्यावरून आतोबांचं वल्हं काढून आणलं. आतोबा म्हणजे तिचा नवरा. छातीच्या दुखण्यानं घरातच गेले, त्याला आठ वर्षं झाली. वल्ह्याचं पातं केव्हाच तुटलं होतं, उरला होता तो दीड हाताचा सागवानी दांडा, हाताच्या तेलानं काळा झालेला.

या दांड्याची गोष्ट सांगायला हवी. आतोबा घोळ धरायचे. घोळ हा मासा पाण्याखाली बोलतो, घशातल्या घशात कुरकुरतो. होडी थांबवायची, सगळ्यांनी गप्प बसायचं, वल्हं पाण्यात सोडायचं आणि दांड्याचं टोक कानामागच्या हाडाला टेकवायचं. लाकडातून सगळं वर येतं. घोळ आहे की निघून गेली, किती खोल आहे, आतोबा ऐकून ओळखायचे. पण होडीत एक अक्षर बोलायचे नाहीत, हातानंच खूण करायचे. पाण्यावर ऐकलेलं पाण्यावर बोलायचं नाही, पाय सुक्याला लागले की मग बोलायचं, हा त्यांचा नियम. "पानी पन ऐकतं," असं म्हणायचे. लहानपणी मी एकदा होडीतच ओरडले होते, "आतोबा, मला ऐकू आलं!" त्या दिवशी जाळं रिकामं आलं आणि घरी पोचेपर्यंत माझ्याशी कुणी बोललं नाही.

आत्यानं दांडा माझ्या मांडीवर ठेवला. "दिनेश रोज फोन करतो, कवा येतेस, कवा येतेस. तू ऐकून ये, बाय. पानी थांबनार असंल तर मी इथंच मरनार. नसंल थांबनार तर जाते त्याच्याकडं. तुझ्या शब्दावर."

"आत्या, हे मी कसं सांगू? शास्त्रज्ञ आहेत ना, त्यांना विचार."

"ते येऊन मापं घेऊन गेले. मापं त्यांच्यापाशी हायेत." तिनं पुन्हा सुकटीचं सूप पुढं ओढलं. "डोळ्याला सवय लागते. कानाला नाय लागत."

लाँगयीरबीन

मुंबईच्या विमानतळावर तपासणीवाल्यानं बॅग उघडली. "मॅडम, हे काय?" "वल्हं." "कुणाचं?" "आतोबांचं." त्यानं दांडा उलटसुलट करून पाहिला, वास घेतला आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला वाटलं, आता हा मला घरी पाठवणार. त्यानं मुकाट्यानं दांडा बॅगेत परत ठेवला. पहिला गड सर झाला.

स्वालबार्ड बेटांवरचं लाँगयीरबीन हे गाव शाळेच्या मैदानाएवढंच वाटतं. दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये रंगीत लाकडी घरं, आणि झाड एकही नाही. घरं खांबांवर उभी, आपल्याकडच्या मचाणासारखी. जमीन खाली कायम गोठलेली असायची, त्यात खांब ठोकलेले. आता ती मऊ होतेय म्हणून कितीतरी घरांचे खांब बदलत होते. एक गोष्ट मला फार आवडली. तिथे हॉटेलात शिरतानासुद्धा दारात बूट काढतात. पूर्वी कोळशाच्या खाणी होत्या, तेव्हापासूनची रीत. मोजे घालून जेवायला बसलेली पन्नास गोरी माणसं पाहून मला एकदम आमच्याकडची पंगत आठवली.

बाकी मात्र घरची आठवण यावी असं काही नव्हतं. रात्र होतच नव्हती. घड्याळात दोन वाजलेले, खिडकीबाहेर लख्ख ऊन, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. सगळं गाव उन्हात उघडं पडलेलं आणि सगळ्यांचे पडदे ओढलेले. माणसं एका क्षणात उठून कुठेतरी गेली आहेत आणि ऊन तेवढं राहिलं आहे, असं वाटे. आणि वास नाही. अर्नाळ्याच्या माणसाला वासाशिवाय चालत नाही. मासळीचा, चिखलाचा, खाऱ्या वाऱ्याचा कुठला ना कुठला वास असतोच. इथे मी नाक भरून श्वास घेई आणि आत नुसती थंडी जाई. तीन दिवस मला सारखं वाटत होतं की माझंच नाक मेलंय.

जहाजावर आमची वाटाडी होती इंग्रिड. पंचविशीतली, खांद्याला कायम बंदूक, अस्वलासाठी. माझा दांडा पाहून ती गंभीर झाली. बाहेरचं बी, किडा, माती काहीही तिथे नेता येत नाही, बुटाचे तळवेसुद्धा ब्रशनं घासून घेतात. तिनं दांडा अर्धा तास घासला. आतोबांच्या हाताचं तेल थोडं गेलं. मला वाईट वाटलं, पण तिनं इतक्या मायेनं घासला की रागावता आलं नाही.

जहाज

आम्ही बारा जण होतो. एक बाई वितळलेल्या बर्फाच्या पाण्यात रंग कालवून चित्रं काढायची. एक जण रोज बर्फावर उताणा झोपायचा आणि अंगाचा ठसा उमटला की त्याचा फोटो काढायचा. एक कवयित्री बर्फाच्या लादीवर बोटानं ओळी लिहून त्या विरघळताना बघत बसायची. पहिले दोन दिवस मला हसू आवरत नव्हतं. आमच्याकडे पाणी घरात शिरलं की माणूस बादली शोधतो, हे लोक ब्रश शोधतात. मग लक्षात आलं की अकरा वर्षं मीसुद्धा दारात बसून कोळसाच घासते आहे, बादली मी तरी कुठे उचलली? तेव्हापासून हसणं बंद केलं.

माझी गट्टी जमली ती फिनलंडच्या एका ध्वनिकाराशी. सहा फूट उंच, छातीपर्यंत दाढी, आणि नाव आंटी. मी पहिल्या दिवशी "आंटी" अशी हाक मारली आणि मलाच कसंतरी झालं. हा माणूस पाण्याखालचे आवाज गोळा करत जगभर फिरतो. जवळ्याची चटणी खाणारा तो जहाजावरचा एकटाच. मी बाटली उघडली तेव्हा स्वयंपाक्यानं खिडक्या उघडल्या आणि कवयित्री डेकवर निघून गेली. आंटीनं पावावर लोण्यासारखी चटणी थापली, डोळ्यांत पाणी आलं तरी पाव संपवला, आणि संध्याकाळी मला वाळवलेला कॉड मासा आणून दिला. आमच्या बोंबलासारखाच काठ्यांवर वाऱ्यात टांगून वाळवतात. तो चघळताना पहिल्यांदा नाकाला काहीतरी सापडलं आणि मला घरच्यासारखं वाटलं.

चौथ्या दिवशी कप्तानानं मला त्याच्या पडद्यावरचा नकाशा दाखवला. नकाशात हिमनदी पांढरी आणि समुद्र निळा. आमच्या जहाजाचा ठिपका पांढऱ्याच्या आत होता, चांगला आत. मी म्हटलं, यंत्र बिघडलंय. तो म्हणाला, यंत्र बरोबर आहे, नकाशा जुना आहे. बाहेर पाहिलं तर चहूकडे करडं पाणी. आम्ही जिथे चहा पीत उभे होतो तिथे नकाशा काढणाऱ्यानं भिंतीएवढं बर्फ पाहिलं होतं. माझ्या आजोबांची वाडी अशीच सातबाऱ्यावर अजून आहे, नारळांसकट. जागेवर गेलं तर गळ्याइतकं पाणी. मी चहाचा कप खाली ठेवला. त्या बर्फाच्या पोटातून आपण जातोय आणि त्याला ते अजून कळलेलं नाही, असं काहीतरी विचित्र मनात आलं.

थडग्यांचा किनारा

त्या भागात काही शतकांपूर्वी देवमासे मारणारे लोक यायचे आणि मरायचेही. त्यांची थडगी एका उघड्या किनाऱ्यावर आहेत. दगडांचे ढीग, बस. इंग्रिडनं बजावलं होतं की दगडालासुद्धा हात लावायचा नाही, ओळीनं चालायचं. ती सांगत होती, गोठलेली जमीन शवपेटीला हळूहळू वर ढकलते, म्हणून लाँगयीरबीनला आता कुणाला पुरत नाहीत. पण त्या थंडीनंच या माणसांना राखलं होतं. लोकरीच्या टोप्या, मोजे, सगळं जसंच्या तसं. आता जमीन मऊ झाली, समोरून लाटा येतात, आणि इतक्या वर्षांत झालं नाही ते एकेका उन्हाळ्यात होतं.

किनाऱ्याची कड तुटलेली होती. त्या तुटलेल्या मातीतून फळ्यांची टोकं बाहेर आली होती, पाच-सहा, समुद्राकडे तोंड करून. पेट्यांचे पायाकडचे भाग होते ते. एका पेटीची फळी निखळली होती. आत मी पाहिलं नाही. पण त्या सगळ्यांचे पाय समुद्राकडे आहेत आणि आता फक्त उतरायचं बाकी आहे, असं वाटलं. बर्फावर उताणा झोपणारा तो माणूसही त्या दिवशी उभाच राहिला.

तेवढ्यात मला वास आला.

इतक्या दिवसांत जमिनीचा पहिला वास. मी खाली वाकले. कडेची काळी माती नुकतीच विरघळून ओघळत होती आणि तिला वास होता चिखलाचा, कुजलेल्या पाल्याचा, ओहोटीला आमच्या खाडीत येतो तो. आमच्या होड्या चिखलात रुततात तेव्हाचा, अगदी तोच. हजारो मैलांवर, जिथे झाड नाही, खाडी नाही. इंग्रिड म्हणाली, ही माती आजवर गोठलेली होती, आता सडायला सुरुवात झाली आहे. मी रुमाल नाकाला लावला. घरची आठवण यावी म्हणून इतके दिवस तळमळत होते, आणि ती अशी आली ते मला मुळीच आवडलं नाही. त्या दिवशी मी जेवले नाही.

हिमनदीसमोर

दुसऱ्या दिवशी आम्ही रबरी होडीतून हिमनदीच्या समोर गेलो. फार जवळ जात नाहीत, कडा कोसळला तर लाट येते. निळ्या भिंतीपासून बरंच दूर, बर्फाच्या तुकड्यांमध्ये इंग्रिडनं इंजिन बंद केलं. होडीत आम्ही तिघंच, ती, आंटी आणि मी. आंटीनं पाण्यात वायर सोडली, कानाला यंत्र लावलं आणि तोंड वाकडं केलं. थंडीनं बॅटरी बसली होती. दुसरी काढली, तीही बसलेली. एवढा मोठा माणूस रडकुंडीला आला. यासाठी तो दोन वर्षं वाट पाहत होता.

मी जाकिटातून दांडा काढला. होडीच्या काठावर पालथी पडले, एक टोक पाण्यात सोडलं, दुसरं कानामागच्या हाडाला टेकवलं. बोटं बधिर झाली होती. मनात म्हटलं, आतोबा, लाज राखा.

आधी काहीच नाही. मग तडतड. तेलात मोहरी पडावी तशी, पण कुणीतरी मोहरी टाकतच राहिलंय, मूठ संपतच नाही. जवळून, दुरून, खालून, सगळीकडून. आणि त्या तडतडीच्या खाली दुसरा एक आवाज होता. कुणीतरी गाढ झोपेत श्वास सोडावा तसा. मी वाट पाहत होते, आता श्वास आत घेईल. घेतलाच नाही. सोडतंय, सोडतंय, सोडतंय. माझाच श्वास अडकला होता हे मला दांडा काढल्यावर कळलं.

मी दांडा आंटीला दिला. कसा धरायचा ते दाखवलं. तो माझ्यासारखाच पालथा पडला, दाढीची टोकं पाण्यात. बराच वेळ तो उठेना. उठला तेव्हा त्याचं नाक लाल झालं होतं. त्यानं सांगितलं की बर्फ म्हणजे कितीतरी जुना पाऊस, आणि त्यात त्या वेळची हवा दाबून कोंडलेली असते. बर्फ पाण्यात विरघळलं की ती हवा फुटून बाहेर पडते. माणूस लिहायला शिकायच्या आधीची हवा. मग त्यानं विचारलं, "तू काय ऐकलंस?"

मी ओठ मिटून घेतले आणि किनाऱ्याकडे बोट दाखवलं.

संध्याकाळी जहाजावर सगळ्यांची बैठक असायची. प्रत्येकानं आपापलं काम दाखवायचं, बोलायचं. माझी पाळी आली तेव्हा मी दांडा टेबलावर ठेवला आणि गप्प बसले. जहाज म्हणजे पाणीच, तिथे कशी बोलणार? पाच मिनिटं कुणी काही बोललं नाही, मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रंगवाली बाई म्हणाली, इतकं प्रभावी काम तिनं या सफरीत पाहिलं नव्हतं. काय डोंबलाचं काम! मी नुसती घाबरले होते. हा आवाज थांबणारा नाही, एवढं मला कळलं होतं, आणि ते मला एका म्हातारीला तिच्या घरात बसून सांगायचं होतं.

अर्नाळा किल्ला, ऑगस्ट

परत आले ती नारळी पौर्णिमेच्या पंधरा दिवस आधी, अमावास्येच्या उधाणात. दिनेशला फोन केला. तो म्हणाला, "ताई, तुझंच ऐकेल ती. काहीही सांग, पण आण तिला." दुपारी बारा-साडेबाराची भरती. अकराला होडीनं बेटावर उतरले. आकाश स्वच्छ, ऊन लख्ख, आणि नाकाला सगळे वास. मला रडू येईल इतकं बरं वाटलं.

आत्या पलंगावरच होती, पाय वर घेऊन. पलंगाखाली विटांचे दोनचे तीन थर झाले होते. मी तिला चॉकलेट दिलं, तिनं ते उशाशी ठेवलं. मग मी दांडा तिच्या हातात दिला आणि रस्ताभर जुळवलेलं वाक्य सुरू केलं, "आत्या, मी ऐकलं. ते पाणी..."

तिनं पटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. "इथं नको."

"अगं, आपण घरात आहोत. होडीत नाही."

ती दाराबाहेर बघत राहिली. भरती चढत होती. शेवटच्या नारळाचं खोड जिथे होतं तिथे फेस दिसला, मग दाराच्या पायरीखाली. बारा वाजून गेले असतील. आत्या पलंगावरून उतरली, दांड्याचं एक टोक खोलीच्या मधोमध फरशीवर टेकवलं, दुसरं कानामागे धरलं, डोळे मिटले. मग मला खुणेनं बोलावलं आणि दांडा माझ्या हातात दिला.

मी गुडघ्यांवर बसले. फरशी कोरडी होती. कान लावला.

तडतड. तेलात मोहरी, मूठ न संपणारी. घराखालच्या वाळूत पाणी शिरत होतं आणि वाळूतली हवा फुटून वर येत होती, जवळून, दुरून, पलंगाखालून, चुलीखालून. आणि त्याखाली तो श्वास. कुणीतरी गाढ झोपेत सोडत असलेला, आत न घेतलेला. मी मान वर केली तर आत्या माझ्याकडे बघत होती, होडीत आतोबा बघायचे तशी.

"कधीपासून?" मी विचारलं.

तिनं दोन बोटं दाखवली. दोन पावसाळे. दोन पावसाळे ती हे ऐकत होती आणि दिनेशला, शेजाऱ्यांना, मापं घेणाऱ्यांना, कुणालाच बोलली नव्हती. मला एवढ्या लांबून ऐकून यायला सांगितलं ते थांबेल की नाही हे कळावं म्हणून नव्हे. ती पाण्यावर राहत होती, आणि पाण्यावर ऐकलेलं पाण्यावर बोलता येत नाही. तो आवाज न सांगता ओळखेल असं दुसरं कुणीतरी हवं होतं.

मला तिचा फार राग आला आणि फार दया आली, दोन्ही एकदम. मी तिला मिठी मारली. ती म्हणाली, "पुरे. पिशवी घे." पिशवी भरलेलीच होती, दाराच्या मागे. तिनं घराला कुलूप लावलं, उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला आणि मागे न बघता चालू लागली. होडीत ती दांडा उभा धरून बसली. मीच मागे बघत होते. दारातून समुद्र दिसायचा, आता समुद्रातून दार दिसत होतं. अकरा वर्षांत त्या बाजूनं मी एकही चित्र काढलं नव्हतं.

अर्नाळ्याच्या किनाऱ्याला होडी लागली. आम्ही गुडघाभर पाण्यातून वर आलो, कोरड्या वाळूत. मी म्हटलं, "आता बोलू?"

"थांब."

तिनं दांडा वाळूत रोवला, वाकून कान लावला. समोर होड्या, वाळत घातलेली जाळी, भेळवाला, मुंबईहून आलेली चार पोरं सेल्फी काढत होती. आत्या उठली. सुरूच्या झाडांपर्यंत चालत गेली, तिथे पुन्हा दांडा टेकवला, पुन्हा वाकली. या वेळी बराच वेळ. मी जवळ उभी राहून तिच्या तोंडाकडे बघत होते. तिचा चेहरा तोच होता, फरशीवर वाकली होती तेव्हाचा.

"आत्या, आता सुकं आहे. काय ऐकू येतंय?"

तिनं दांडा पदरानं पुसला आणि काखेत धरला. रस्त्यावर रिक्षा उभी होती. दोघी बसलो, पिशवी मध्ये.

"आजी, कुठं सोडू?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"आत," आत्या म्हणाली. "अजून आत घे."